ताटीआडचे मूल

तुळशीची लग्ने लागून गेली आहेत. फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरला आहे, काही गच्च्यांवरचे आकाशकंदील अजून उतरवायचे राहिले आहेत आणि सुट्टीनंतर पुन्हा गजबजलेल्या शाळांमध्ये आज बालदिनाची लगबग आहे. १४ नोव्हेंबर हा पंडित नेहरूंचा जन्मदिवस. हाच दिवस आपण देशभर मुलांचा दिवस म्हणून पाळतो. गुलाबाचे फूल, वेशभूषा स्पर्धा, पाहुण्यांचे चार शब्द, खाऊचे पुडे असा या दिवसाचा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे आणि तो गोडही आहे. पण या सगळ्या गर्दीत एक मूल असे असते, ज्याच्या हाती कुणी गुलाब देत नाही, कारण ते कुणाला दिसत नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या देहाआड उभे असलेले, आपण कधीकाळी होतो ते मूल. आज, मुलांच्याच दिवशी, त्याचीही विचारपूस करावी असे वाटते.

यंदा, २०२५ साली, योगही तसा जुळून आला आहे. उद्या आळंदीत कार्तिकी एकादशी. इंद्रायणीचा काठ दिंड्यांनी भरू लागला आहे आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचा सोहळा होईल. १२९६ साली, ऐन तारुण्यात समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांना आपण माउली म्हणतो, त्यांच्या पायांवर डोके ठेवतो आणि हे करताना एक गोष्ट सहज विसरून जातो, की ही चारही भावंडे पोरकी होती. वडील विठ्ठलपंतांनी संन्यासाश्रमातून परत येऊन संसार मांडला म्हणून या कुटुंबाला वाळीत टाकले गेले. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता मागे उरली, असे परंपरा सांगते. संन्याशाची पोरे हे शब्द त्यांच्या आधी लोकांच्या दारात पोचलेले असत.

त्याच परंपरेत ताटीच्या अभंगांची कथा येते. भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा अपमान झाला. ते परतले, झोपडीची ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. ज्यांनी अवघ्या विश्वासाठी पसायदान मागितले, त्यांनाही एके दिवशी दार लावून घ्यावेसे वाटले, ही आपल्यासारख्यांना केवढा धीर देणारी गोष्ट आहे! बाहेर उभी होती मुक्ता, चौघांत सगळ्यांत धाकटी. तिने ताटी ढकलली नाही आणि भावाला एकटे सोडून ती निघूनही गेली नाही. ती दाराशी थांबून बोलत राहिली. समजावत, आर्जवत, मध्येच एखाद्या थोरल्या गुरूसारखी खडसावत. तिच्या नावाने ओळखले जाणारे हे बेचाळीस अभंग आपण कीर्तनांतून, कॅसेटांमधून, आता मोबाइलवरून ऐकत आलो आहोत. त्यात आत कोण आणि बाहेर कोण हे जरा थांबून पाहावे. आत बसला आहे तो ज्ञानी, पण दुखावलेल्या मुलासारखा रुसून. बाहेर उभे आहे ते मूल, पण आईच्या अधिकाराने बोलणारे. जपायला मोठे कुणी उरलेले नाही, तेव्हा ही दोघे एकमेकांसाठी मोठी होतात. आपल्या प्रत्येकाच्या मनात असा कुणी एक आत बसलेला आहे. बाहेरून हाक मारणारा मात्र पुष्कळदा जागेवर नसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधुनिक मानसशास्त्रात या आतल्या मुलाची चर्चा गेले शतकभर चालू आहे. तिची एक सुरुवात कार्ल युंग या स्विस मनोचिकित्सकाच्या आयुष्यात सापडते. १९१३च्या सुमारास फ्रॉइडशी त्यांचे संबंध तुटले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा नामवंत डॉक्टर आतून पार हलून गेला. स्वतःच्या मनाचा थांग लागेना, तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असताना ठोकळ्यांची घरे बांधण्यात आपण किती रमत होतो, हे त्यांना आठवले. मग झुरिकच्या सरोवराकाठी दगड वेचून ते छोटी घरे, किल्ला, चर्च असे एक गावच रचू लागले. रोज दुपारचे जेवण झाले की रुग्ण येईपर्यंत. आपल्याला पोरखेळाखेरीज दुसरा मार्ग सुचत नाही, याची आरंभी त्यांना फार लाज वाटली होती, असे त्यांनीच आत्मकथनात नोंदवले आहे. पुढे त्यांनी मनातल्या बालप्रतिमेवर सविस्तर लिहिले. मनोचिकित्सक एरिक बर्न यांनी हाच धागा रोजच्या बोलण्या-वागण्यापर्यंत आणला आणि आपल्या प्रत्येकात पालक, प्रौढ आणि बालक असे तिघे नांदतात, अशी मांडणी केली. मनोविश्लेषक ॲलिस मिलर यांनी १९७९ साली लिहिलेल्या पुस्तकात वेगळ्याच मुलांकडे लक्ष वेधले. ती हट्टी नव्हती, मार खाणारी नव्हती. ती हुशार आणि गुणी मुले होती. आई-वडिलांना काय हवे आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखून, स्वतःला काय वाटते ते बाजूला ठेवायला फार लवकर शिकलेली.

ही शेवटची मुले आपल्या घराघरांत आहेत. ‘मोठी ना तू, मग समजून घे’ हे वाक्य ऐकत वाढलेली थोरली लेक आज पंचेचाळीस वर्षांची आहे. सासर-माहेर दोन्हीकडची आजारपणे तिच्या अंगावर आहेत आणि तुला काय हवे असे कुणी विचारले तर तिला उत्तर सुचत नाही. ‘मुलगा असून रडतोस?’ हे ऐकून डोळे पुसलेला मुलगा आता बाप झाला आहे आणि स्वतःचा मुलगा रडू लागला की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. का होतो ते त्याला कळत नाही. कचेरीत साहेबांनी नुसते केबिनमध्ये बोलावले तरी एखाद्याच्या पोटात गोळा येतो. हा गोळा आजचा नसतो. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला वडिलांसमोर उभे राहिलेल्या मुलाच्या पोटातला तो आहे. एखाद्या बारशात आपल्याला बोलवायचे राहून गेले, तर आपण महिनाभर अबोला धरतो. प्रसंग लहान असतो आणि दुःख त्याच्या मानाने फार मोठे असते. असा हिशेब जुळेनासा झाला की समजावे, या क्षणी बोलतो आहे तो आपल्यातला जाणता माणूस नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आतले मूल हे रूपक आहे. मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात असे कुणी बसलेले नसते आणि वैद्यकाच्या रोगसूचीत या नावाचा आजार नाही. पण बालपणी जे घडते ते शरीरात आणि स्वभावात उतरते, हे रूपकापलीकडचे, मोजून पाहिलेले सत्य आहे. अमेरिकेत सॅन दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करीत. वजन छान उतरत असलेले रुग्णच अर्ध्यावर उपचार सोडून जातात, हे पाहून ते चक्रावले आणि त्यांच्याशी बसून बोलू लागले; तेव्हा कितीतरी जणांच्या बोलण्यात लहानपणीचे अत्याचार बाहेर आले. त्यातून रॉबर्ट आंडा यांच्यासह त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाविषयी विचारले. मार, अवहेलना, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण, आई-वडिलांचे विभक्त होणे असे ते प्रश्न होते. उत्तरे देणारे बहुतेक लोक बरे शिकलेले, विमा असलेले, मध्यमवर्गीय होते. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांनी यांतला निदान एक अनुभव सांगितला आणि अशा अनुभवांची संख्या वाढत गेली तसे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकेच काय हृदयविकाराचे प्रमाणही वाढत गेलेले दिसले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या पाहणीत दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले. ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत. कुणी शिक्षक झाले असेल, कुणी पोलीस, कुणी आई.

म्हणून हा विषय आत्मगोंजारणीचा आहे, हा आक्षेप पटत नाही. पोटापाण्याच्या धबडग्यात असले विचार करायला सवड कुणाला, असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील आणि त्यांच्या म्हणण्यामागचे कष्ट खरे आहेत. पण न पाहिलेले दुखणे घरातच राहते आणि वारशासारखे पुढच्या हातात जाते. आजोबांचा पट्टा वडिलांच्या हातात दिसतो आणि वडिलांचे टोमणे आपल्या तोंडून ऐकू येतात. आपण स्वतःकडे पाहतो तेव्हा आपल्यामागून येणाऱ्यांच्या वाटेतला काटाही काढत असतो.

मग आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे का? या प्रश्नापाशी आपली पावले अडखळतात आणि ते स्वाभाविक आहे. मातृदेवो भव म्हणत आपण वाढलो. आईच्या चुकीचा उच्चारही आपल्याला पाप वाटतो. अशा वेळी साने गुरुजींची आठवण होते. फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिले, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. ते शिकण्यासाठी दूर असताना आई गेली होती आणि शेवटची भेट झालीच नव्हती. तुरुंगातल्या त्या रात्रींत हा तरुण पुन्हा पालगडच्या घरात गेला आणि सापडले ते सगळे त्याने मांडले, केवळ गोड तेवढेच निवडले नाही. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते, हेही त्या पुस्तकात आहे. आज आपण त्या माराचे समर्थन करणार नाही, करूही नये. पण मारून ती माउली थांबत नाही, हे तितकेच महत्त्वाचे. नंतर ती मुलाला जवळ घेते, आपण असे का वागलो ते त्याला सांगते. दुखावलेपणावर फुंकर घालायला ती परत येते.

ही परतून येण्याची गोष्ट पुढे शास्त्रानेही तपासली. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तान्ह्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. हसत-बोलत खेळणारी आई अचानक चेहरा निर्विकार करून बाळासमोर बसते. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, किंचाळते, शेवटी मान फिरवते. दोन-तीन मिनिटांचा हा खेळ पाहवत नाही. पण ट्रॉनिक यांना पुढे जे आढळले ते फार आश्वासक आहे. एरवीच्या प्रेमळ आणि निरोगी नात्यांतही आई आणि बाळाचे सूर बहुतेक वेळ जुळलेले नसतातच; ते बिनसतात, पुन्हा जुळतात. मूल वाढते ते या पुन्हा जुळण्यावर. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी बिनसले तेवढे लक्षात राहिले, पुन्हा जुळायचे राहून गेले. शेतावर राबणाऱ्या, गिरणीच्या पाळ्या करणाऱ्या, आठ माणसांचा स्वयंपाक रांधणाऱ्या त्या माणसांना रात्री मुलाच्या उशाशी बसून ‘मघाशी रागावलो ना?’ एवढे म्हणायचे त्राण नव्हते, आणि त्यांनाही ते लहानपणी कुणी म्हटले नव्हते. हे समजून घेतले की दोष द्यायची घाई उरत नाही. दुखले ते मात्र दुखलेच होते, ते तसे म्हणण्याचा हक्कही उरतो. वडील चांगले होते आणि त्यांच्या हातून आपल्याला जखम झाली, या दोन्ही गोष्टी एका मनात मावू शकतात.

आणखी एक सावधगिरी हवी. स्मृती ही जशीच्या तशी जपलेली नोंद नसते; आपण आठवतो तेव्हा ती पुन्हा घडवतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या संशोधनाने हे वारंवार दाखवून दिले आहे. म्हणून कुणी दोन तासांच्या शिबिरात डोळे मिटायला लावून विसरलेले बालपण बाहेर काढून देतो म्हणाला, तर आपण चार पावले दूर राहावे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे म्हणणेही इथे ऐकण्यासारखे आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने बालपणीचा बराच काळ रुग्णालयात, आई-वडिलांच्या वाटेकडे डोळे लावून काढलेल्या या माणसाने सांगितले की भूतकाळ आपल्याला आपोआप बांधून ठेवत नाही. त्यातून आपण जी समजूत करून घेतली आणि आजही स्वतःला बजावत राहतो, ती बांधते. डॉ. कि. मो. फडके यांनी हा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजवला. लहानपणी कुणी आपल्याला टाकून गेले असेल. पण मी टाकाऊच आहे, हे वाक्य आता आपले आपण म्हणत असतो आणि ते तपासून पाहणे आज आपल्या हातात आहे.

आपल्यातला हाक मारणारा जागा करायचा तो यासाठी. मनात उसळी आली की तिला दाबण्याआधी किंवा तिच्यामागे वाहून जाण्याआधी क्षणभर थांबावे आणि विचारावे, आत बोलणारे मूल किती वर्षांचे आहे? सात वर्षांचे असेल तर सात वर्षांच्या मुलाशी बोलावे तसे बोलावे. ‘घाबरलास ना? मी आहे.’ हे स्वतःशी म्हणताना आरंभी संकोच वाटेल. युंगलाही वाटला होता. जुन्या अल्बममधला शाळेच्या गणवेशातला आपला फोटो काढून त्याच्याकडे निवांत पाहावे. त्या चेहऱ्याला आपण रोज मनात ज्या शब्दांत झिडकारतो, ते शब्द त्या मुलाच्या तोंडावर म्हणवतील का, हे पाहावे. पेटी शिकायची राहून गेली असेल तर साठाव्या वर्षी शिकावी. मात्र घराची सूत्रे त्या मुलाच्या हाती देऊ नयेत. त्याचे ऐकायचे, त्याला जवळ घ्यायचे आणि निर्णय जाणत्यानेच घ्यायचा. नाही तर बरे होण्याच्या नावाखाली आपण नुसते हट्टी होऊन बसू. जनाबाईंनी आपल्यापुढे याचे एक रूप ठेवले आहे. गंगाखेडची ही लेक लहानपणीच नामदेवांच्या घरी आली, दासी म्हणून राबली आणि विठ्ठलालाच तिने आई केले. जात्यावर, नदीवर, केस विंचरताना तो तिच्याजवळ असे. नाही मिळाली ती माया तिने आत निर्माण केली आणि त्याच वेळी दळण-कांडण, भक्ती, अभंगरचना हे आपले मोठ्या माणसाचे कामही सोडले नाही.

या कामाची कसोटी मात्र आपल्या आत लागत नाही, ती बाहेरच्या मुलांपाशी लागते. याच कार्तिकात बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघाल्या आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराबरोबर मुलेही आहेत. आठ-नऊ वर्षांची पोर फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावाला सांभाळील, भाकरी थापील आणि तिची शाळा सहा महिने तिच्यावाचून भरेल. ज्यांना गावी ठेवले आहे ती म्हाताऱ्या आजीपाशी आई-बापांची वाट पाहतील. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी या पोरींच्या आत कुठले मूल उरेल, ते आज ठरते आहे. हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू करणे, फडावरच्या मुलांना जवळच्या शाळेत सामावून घेणे, शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मना केलेली छडी आणि अपमान वर्गातून खरोखर हद्दपार करणे ही सरकारची आणि शाळेची कामे आहेत. ती होतात का हे विचारणे आपले काम आहे. आणि आपल्या घरातल्या मुलावर काल उगाच ओरडलो असू, तर आज त्याच्याजवळ बसून तसे कबूल करायला कुठल्याही कायद्याची गरज नाही.

शेवटी साने गुरुजींचीच गोष्ट पुरी करायला हवी, कारण ती अर्धी सांगणे बरे नव्हे. महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना ज्यांनी मायेने जवळ घेतले, त्यांनीच ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपवले. दुसऱ्यांच्या ताटीपाशी जन्मभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या ताटीपाशीही कुणी असावे लागते. काही दुःखे एकट्याने उकलण्यासारखी नसतात. लहानपणीचे अत्याचार, छळ, अकाली पोरकेपण यांची आठवण उघडताना सोबत जाणता समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ असावा आणि त्याच्याकडे जाण्यात आपण कुठलाही कमीपणा मानू नये. ज्यांना आज हे वाचताना आत काही हलल्यासारखे झाले असेल, ज्यांना जगणेच नको वाटत असेल, त्यांनी घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.